कातळातील पाण्याची शुद्धी

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसापैकी घोड नदीच्या वाट्यास येणारा हिस्सा डिंभ्याच्या धरणात अडतो आणि तेथून कालव्यांच्या वाटेने खाली उतरतो. उजव्या अंगाचा कालवा आंबेगाव आणि शिरूर या तालुक्यांच्या शेतांवर पाणी पसरवितो. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने गाव या जलाशयाच्या पोटात गेले; तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो, व्यापाराची पेठ मंचरास आहे, आणि मंचरास लागूनच, पुणे-नाशिक हमरस्त्याच्या आसऱ्याने, अवसरी खुर्द हे गाव वसले आहे. ऊस, कांदा, बटाटा आणि दुभती जनावरे यांवर पोसलेला हा सधन मुलूख आहे. येथील शेतकऱ्याच्या दोन पिढ्यांपूर्वीच्या दप्तरात जिरायत, मोटस्थळ आणि पाटस्थळ असे जमिनीचे वेगवेगळे वर्ग होते. पाण्याच्या सुबत्तेने हा भेद बहुतांशी पुसून टाकला. प्रस्तुत प्रकरणात हे गाव निमित्त म्हणून घेतले आहे. त्याच्या पाण्यावर कोणताही शिक्का मारण्याचा येथे हेतू नाही. दख्खनच्या कातळावरील बागायती गाव पाणी कसे मिळविते, ते कसे नासविते आणि ते पुन्हा शुद्ध कसे करता येईल, या तिन्ही प्रश्नांचा उलगडा अशा एका गावाच्या शिवारात उभे राहून जितका नीट होतो तितका सर्व देशाचा नकाशा पुढे पसरून होत नाही.

प्रथम कातळाविषयी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि निवाले. आजही त्यांनी पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास प्रदेश व्यापलेला आहे, आणि महाराष्ट्राच्या भूभागाचा चार पंचमांशांहून अधिक हिस्सा त्यांच्याच खाली येतो. नवी विहीर खणली जात असताना काठावर उभे राहून खाली पाहावे: वर हातदोन हात काळी माती, तिच्याखाली कुदळीने सुटणारा पिवळट तांबूस मुरूम, त्याखाली पहारीस दाद देणारा, बारीक छिद्रांनी भरलेला मांजऱ्या, आणि मग सुरुंगावाचून न हलणारा काळा पाषाण. यारीची बादली वर येते तेव्हा मांजऱ्याच्या ढेकळांत शुभ्र स्फटिक चमकताना दिसतात. लाव्हारस थिजताना त्यात वायूचे जे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्याने आणून बसविलेली ही झिओलाइट वर्गातील खनिजे होत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील असे नमुने जगभरच्या संग्रहालयांतून मांडलेले आहेत. शेतकऱ्याची नजर मात्र स्फटिकांवर खिळत नाही, आणि ते योग्यच आहे. तो पाहतो ती मुरूम आणि पाषाण यांच्या सांध्यातून पाझरू लागलेली ओल.

हे सांधे, या भेगा आणि हा मुरूम, एवढेच आपल्या पाण्याचे कोठार. गंगेच्या मैदानात वाळूच्या शेकडो फूट जाडीच्या थरांत पाणी मुरलेले असते. आपल्याकडे खडकाच्या एकंदर आकारमानापैकी शेकडा एक ते तीन भाग एवढीच जागा मोकळे पाणी देऊ शकते. हा आकडा लहान आहे, पण पुढील सर्व विवेचनाचा पाया त्यातच आहे, म्हणून त्याचा हिशोब मांडून पाहणे अवश्य आहे. एक हेक्टर जमीन घ्यावी, तिच्याखाली दहा मीटर जाडीचा पाण्याने भरलेला थर धरावा, आणि त्यातील शेकडा दोन भाग पाणी मानावे. बेरीज २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर होते. आता शेतकऱ्याच्या ओसरीवर ठेवलेले युरियाचे पोते घ्यावे. त्याचे वजन ४५ किलो, त्यात नत्र शेकडा ४६, म्हणजे पावणेएकवीस किलोंच्या जवळपास. हे सर्व नत्र मातीत नायट्रेटच्या रूपात गेले तर त्या नायट्रेटचे वजन सुमारे ९२ किलो भरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची कमाल मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि अन्य अनेक घटकांना जशी सवलतीची वरची पायरी मिळते तशी ती यास नाही. २० लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत पोहोचविण्यास ९० किलो नायट्रेट पुरते. तात्पर्य, एका हेक्टराखालचे सर्व पाणी पिण्याच्या मर्यादेच्या काठावर आणून सोडण्यास एकच पोते पुरेसे आहे, जर त्यातील कण न् कण खाली उतरला तर.

ही अट महत्त्वाची आहे आणि ती विसरून कोणी भयभीत होऊ नये. पीक नत्राचा मोठा वाटा शोषून घेते, काही नत्र हवेत परत जाते, काही मातीतील सेंद्रिय द्रव्यात अडकून राहते. परंतु दुसरीकडे हेही ध्यानात घ्यावे की राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सुरू उसास हेक्टरी २५० किलो नत्र लागते, म्हणजे बारा पोती. आडसाली उसास ४०० किलो, म्हणजे एकोणीस पोती. शिफारशीपलीकडे हात सैल सोडणारे शेतकरी किती असतील हे ज्याने खताच्या दुकानासमोरची गर्दी पाहिली आहे त्यास सांगावयास नको. बारा पोत्यांपैकी दोन पोत्यांइतके नत्र जरी पाटाच्या पाण्याबरोबर मुळांच्या कक्षेखाली गेले, तरी आपल्या छोट्याशा कोठाराची काय अवस्था होते ते वरील हिशोबावरून उघड आहे.

नायट्रेट इतके सहज खाली का उतरते? युरिया मातीत पडला की प्रथम त्याचा अमोनिया होतो. अमोनियमचा कण धनभारित आणि काळ्या चिकणमातीचे कण ऋणभारित, त्यामुळे माती त्यास धरून ठेवते. मुरमातले ते शुभ्र झिओलाइटही त्यास पकडतात. परंतु मातीतील जिवाणू थोड्याच दिवसांत त्याचे नायट्रेट करून टाकतात, आणि नायट्रेट स्वतः ऋणभारित असल्याने ना चिकणमाती त्यास थारा देत ना झिओलाइट. निसर्गात नायट्रेटचा निकाल लावणारे दुसऱ्या जातीचे जिवाणू आहेत खरे. ते नायट्रेटमधील प्राणवायू ओढून घेऊन उरलेला नत्रवायू निरुपद्रवीपणे हवेत सोडून देतात. पण त्यांना काम करण्यास दोन गोष्टी हव्यात, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा अभाव आणि खाण्यास सेंद्रिय कर्ब. आपल्या उथळ विहिरींचे पाणी हवेशी खेळते असते आणि कातळात कर्ब नावापुरताच असतो. म्हणून आपल्याकडे नायट्रेट पाण्यात उतरले की ते तसेच राहते.

सगळा दोष रासायनिक खताच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. महाराष्ट्रातील प्रत्येक जुन्या गावाचे दोन भाग असत: काळीत शेती आणि पांढरीत वस्ती. पांढरीची माती शतकानुशतकांच्या राखेने, शेणामुताने, उकिरड्यांनी आणि मानवी वस्तीच्या सर्व उत्सर्गाने समृद्ध झालेली असते. म्हणूनच शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेत आले आहेत, आणि त्यापायी कितीएक प्राचीन वस्त्यांचे पुरावे नांगराखाली गेले आहेत. याच घोड नदीच्या काठी, खाली शिरूर तालुक्यात, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली, त्यात नदीचे पाणी वळविणारा बांध आणि पाटही सापडले. म्हणजे नदीच्या पाण्यावर शेती आणि तिच्या काठी पांढरी, हा या खोऱ्याचा क्रम फारच जुना आहे. उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः बिहारात, जुन्या वस्त्यांची माती धुऊन तिच्यातून सोरा काढण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत असे, आणि तो सोरा बंदुकीच्या दारूसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून विलायतेस जाई. सोरा म्हणजे दुसरे काही नसून नायट्रेटचाच क्षार. तेव्हा गावठाणाच्या मधोमध असलेल्या आडाच्या पाण्यात नायट्रेट आढळले तर ते एकट्या युरियाचे नसते. पूर्वजांच्या उकिरड्यांचे, आजच्या गोठ्यांचे आणि शौचालयांच्या शोषखड्ड्यांचे ते एकत्रित देणे असते. शेतातील विहिरीचा रोग निराळा आणि गावठाणातील आडाचा निराळा, आणि दोहोंचे उपचारही निराळे. निदान न करता औषध देण्याची घाई याच ठिकाणी सर्वांत महाग पडते.

नायट्रेटयुक्त पाणी दिसण्यास स्वच्छ, चवीस निर्दोष आणि गंधरहित असते. त्याचा सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावर असलेल्या अर्भकास. नायट्रेटचे शरीरात नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते, आणि बाळ निळे पडू लागते. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील हंटर कॉम्ली या डॉक्टराने १९४५ साली शेतावरच्या विहिरींचे पाणी आणि अशी निळी पडणारी बाळे यांचा संबंध प्रथम दाखवून दिला, आणि जगभरची आजची मर्यादा त्या शोधातूनच पुढे आली. आपल्याकडे सर्वांत काळजी वाटावी अशी गोष्ट ही की बाळाच्या दुधाचे पाणी आई मोठ्या मायेने उकळते, आणि उकळण्याने जंतू मरत असले तरी नायट्रेट जात नाही. उलट वाफ गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. तुरटी त्यास हटवीत नाही, कापडाची चौपदरी घडी त्यास अडवीत नाही, आणि टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचाही त्यावर काही इलाज चालत नाही. ही एक गोष्ट अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिली जावी असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

टीसीएलचा उल्लेख आला म्हणून तिचे स्वतःचे कार्यक्षेत्रही सांगितले पाहिजे, कारण जंतूंचे प्रदूषण हे आजही खेड्यातील पाण्याचे पहिले संकट आहे, आणि त्यावरचा उपाय ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या हाती आहे. तो आधी विहिरीतील पाणी मोजतो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे १,१३,००० लिटर भरते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबाने २८० ग्रॅमांच्या वर चांगली, न ओलावलेली पावडर लागते. ती तो प्लास्टिकच्या बादलीत घेतो, थोड्या पाण्यात कालवून तिची लापशी करतो, मग बादली तीन चतुर्थांश भरून ढवळतो आणि दहा मिनिटे स्थिर ठेवतो. चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घेतो. तळाचा चुना विहिरीत जाऊ देत नाही, कारण त्याने पाणी जड होते. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून तो ती वरखाली, उजवीडावी हिंदकळतो. तासाभराने नमुना घेऊन त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या सुरक्षिततेनुसार लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची जी पद्धत आहे, तिचे सर्व यश अशा एका माणसाच्या या तासाभराच्या निष्ठेवर अवलंबून असते. आणि त्याचे मानधन त्या जबाबदारीच्या मानाने अगदीच तुटपुंजे असते, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

आता शुद्धीच्या थोरल्या उपायांकडे वळू. १९७८ साली अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनाल या वसाहतीखाली पुरलेली रासायनिक घाण वर येऊन रहिवाशांना घरे सोडावी लागली, आणि १९८० च्या अखेरीस तेथे अशा जागा साफ करण्यासाठी खास कायदा झाला. त्यानंतरची अनेक वर्षे सर्वमान्य मार्ग एकच होता: दूषित पाणी पंपाने वर उपसावे, यंत्रात शुद्ध करावे आणि सोडून द्यावे. अफाट द्रव्य खर्च झाल्यावर तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली या पद्धतीचा ताळेबंद मांडला, आणि तो निराशाजनक निघाला. पाणी उपसले म्हणून खडकाच्या बारीक छिद्रांत, मातीच्या कणांना चिकटून बसलेले विष त्याबरोबर बाहेर येत नाही. पंप थांबला की ते पुन्हा हळूहळू पाझरू लागते. यातूनच दुसरा विचार पुढे आला की पाण्यामागे न धावता त्याच्या वाटेवरच गाळणी बसवावी. कॅनडात वॉटरलू विद्यापीठाच्या रॉबर्ट गिलहॅम यांनी बॉर्डेन येथील लष्करी तळावर १९९१ साली लोखंडाच्या किसाची भिंत जमिनीत उभारली. भूमिगत पाणी आपल्या गतीने तिच्यातून जाई आणि त्यातील क्लोरीनयुक्त द्रावके लोखंडाच्या सान्निध्यात मोडून पडत. नायट्रेटसाठी याच धर्तीवर कॅनडात आणि न्यूझीलंडमध्ये लाकडाचा भुसा मिसळलेल्या भिंती घातल्या गेल्या. भुसा म्हणजे कर्ब, आणि ज्या जिवाणूंना आपल्या कातळात खाण्यास मिळत नाही त्यांना तेथे पंगत मांडून दिलेली असते.

आपल्याकडे अशी भिंत घालता येईल काय? वाळूच्या प्रदेशात पाणी संथपणे, सर्वत्र सारखे वाहते, तेथे भिंत त्यास गाठते. कातळात पाणी भेगेभेगेने जाते. भिंत चार हात चुकली की सगळा खर्च वाया. मात्र मुरमाच्या उथळ थरातून ओढ्याकडे झिरपणाऱ्या पाण्यासाठी, किंवा गावठाणाचे सांडपाणी जेथे शिवाराबाहेर पडते तेथे, भुश्याचा चर खणणे अशक्य नाही, आणि उसाच्या चिपाडांचा तर या मुलखात तोटा नाही. अवसरी खुर्द येथेच २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी आणि संशोधन महाविद्यालय आहे. गावच्या विहिरींचे नकाशे काढावेत, त्यांची पातळी आणि पाण्याचा गुण ऋतूऋतूंतून टिपावा आणि असा एखादा चर आखून त्याची परीक्षा घ्यावी, यासारखे काम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना घरबसल्या दुसरे कोठे मिळणार?

कारखानदारीच्या विषाचा प्रश्न या सर्वांहून कठीण आहे, आणि त्याचा धडा आपणास राजस्थानने दिला आहे. उदयपूर जिल्ह्यातील बिछडी गावी कापडाच्या रंगासाठी लागणारे एच-ॲसिड बनविणारे कारखाने निघाले; त्यांचा मैला उघड्यावर टाकला गेला, पावसाने तो जमिनीत उतरविला, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी गडद तांबडे झाले, इतके की ते जनावरांनाही पाजता येईना. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला आपण नीरी म्हणतो, तेथील हानीची पाहणी करून उपाय सुचविले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याने पाणी नासविले त्यानेच ते शुद्ध करण्याचा खर्च सोसला पाहिजे. कायद्याच्या इतिहासात हा निकाल थोर आहे. पण अंमलबजावणीचा घोळ असा की सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम न्यायालयास पुन्हा २०११ साली सोडावा लागला; आणि तोवर ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांची एक पिढी निघून गेली होती. फार दूर तरी कशास जावे? पुणे शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या सीमेवर वर्षानुवर्षे उघडा पडला, त्याचा काळा रस जमिनीत मुरून विहिरी नासल्या, आणि गावकऱ्यांना स्वतःच्या विहिरी उशाशी असून टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागली. पुढे जुन्या ढिगांवर आच्छादने घातली गेली, कारण वरून शिरणारे पावसाचे पाणी तोडल्यावाचून खालचा रस थांबत नाही. शहरापुढे शब्द टाकण्यास त्या गावकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले, ही गोष्ट पुणेकरांनी विसरू नये.

अवसरीसारख्या बागायती गावाची स्थिती सुदैवाने इतकी हताश नाही, आणि याचे कारण त्याच लहान कोठारात आहे ज्याची आपण आरंभी चिंता केली. जे कोठार एका पोत्याने बिघडते, ते लवकर बदलतेही. या भागात पावसाचे मान वर्षास ६५० मिलिमीटर धरले आणि झिजलेल्या, सच्छिद्र कातळात त्याचा दहावा हिस्सा मुरतो असे मानले, तर हेक्टरी साडेसहा लाख लिटर नवे पाणी दर पावसाळ्यात खाली उतरते. म्हणजे आपले २० लाख लिटरांचे कोठार नुसत्या पावसाने तीनचार वर्षांत नवे होऊ शकते, आणि कालव्याचे पाणी मिळाले तर त्याहून लवकर. गंगेच्या किंवा अमेरिकेच्या खोल वाळूच्या थरांत हेच काम दशकानुदशके घेते. अर्थात येणारे नवे पाणी वाटेत पुन्हा तेच नत्र धुऊन आणीत असेल तर काहीच साधणार नाही; पहिल्या पावसानंतर विहिरीतील नायट्रेट कित्येकदा घटण्याऐवजी वाढलेले आढळते ते याचमुळे, उन्हाळाभर मातीत साचलेला साठा त्या पाण्याने एकदम खाली लोटलेला असतो. म्हणून स्रोत बंद करणे हाच शुद्धीचा पहिला आणि निम्म्याहून मोठा भाग. नत्राचे हप्ते पाडून देणे, ठिबकातून थोडे थोडे देणे, कांद्याच्या रोपास ज्या आठवड्यात हवे त्या आठवड्यातच देणे, कोंबडीखताचा ढीग पावसाळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला न ठेवणे, आणि गोठ्याचे मूत विहिरीकडे न वळविता खताच्या खड्ड्यात घेणे, यांत नवीन काही नाही. हे सर्व शेतकऱ्याला ठाऊक आहे. ज्याचा हिशोब क्वचितच केला जातो अशी गोष्ट मात्र एक आहे.

ती अशी की ज्या विहिरीत लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, तिच्या प्रत्येक लिटर पाण्यात सुमारे दहा मिलिग्रॅम नत्र आहे. उसाला आठ सेंटिमीटरांच्या दहा पाळ्या त्या विहिरीतून दिल्या, तर हेक्टरास ८० लाख लिटर पाणी आणि त्याबरोबर ऐंशी किलोंच्या वर नत्र मिळते, म्हणजे जवळजवळ चार पोती युरिया. हे नत्र पूर्वी विकत घेऊन खाली सांडलेलेच आहे. शेतकऱ्याने ते जमेस धरून तितकी पोती कमी टाकली, तर उसाची मुळे पंपाने वर आलेल्या पाण्यातून नायट्रेट शोषून घेतात, आणि पाण्याची शुद्धी शेताच्या पोटात, कोणत्याही यंत्रावाचून आणि उलट पैसा वाचवून घडते. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील प्लॅट नदीच्या खोऱ्यात, जेथे मक्याच्या शेतीने भूमिगत पाण्यातील नायट्रेट फारच वाढले होते, तेथील स्थानिक जलसंस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हा नियम घातला: शेतकऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी तपासावे आणि त्यातील नत्र खताच्या मात्रेतून वजा करावे. आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिका घरोघर गेल्या; तिच्या शेजारी विहिरीच्या पाण्याचा एक रकाना वाढविला आणि कृषी सहायकाने वजाबाकी करून दाखविली, तर अवसरीच्या शिवारातील प्रत्येक विद्युत पंप शुद्धीच्या कामास लागेल. या एका उपायावर प्रस्तुत लेखकाचा सर्वाधिक भरवसा आहे.

गावठाणाच्या आडास हा उपाय नाही. तेथील पाणी पिण्यातून वगळून बाहेरून पाणी आणणे, किंवा आरओचे यंत्र बसविणे, हेच करावे लागते, आणि नाणे टाकून वीस लिटरांचा जार भरून देणारी अशी यंत्रे आता गावोगाव दिसतात. परंतु हे यंत्र जेवढे पाणी शुद्ध करते त्याच्या बरोबरीने क्षारांनी दाटलेले पाणी टाकूनही देते, आणि ते बहुधा जवळच्या गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडले जाते, म्हणजे पुन्हा त्याच जमिनीत. ते झाडांच्या आळ्यांकडे वळविले पाहिजे. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फूट दूर असावा असा जो नियम सांगतात तो मातीच्या जाड थरासाठी ठीक आहे. मुरमाखाली भेगाळ कातळ लागत असेल तर जंतू त्या भेगेने पन्नास फूट सहज पार करतात, आणि तेथे अंतरापेक्षा उतार पाहणे अधिक अगत्याचे: खड्डा विहिरीच्या खालच्या अंगासच हवा.

आता राहिला बोअरांचा प्रश्न; तो समजण्यास एका जुन्या टाक्यापासून आरंभ करू. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने लेखातील कालगणनेच्या ४६ व्या वर्षी एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि मंडप दान केल्याची नोंद आहे. अखंड पाषाणात कोरलेल्या त्या टाक्यांचे सगळे बळ पाषाणाच्या अभेद्यतेत होते. वरचे पाणी आत साठे आणि बाजूचे काही त्यात शिरत नसे. हीच अभेद्यता उथळ विहिरीच्या तळाखालीही असते. मुरमातले तरुण, लवकर बदलणारे पाणी वर, आणि काळ्या पाषाणाच्या घट्ट थराखाली, पुढच्या सच्छिद्र थरात, फार सावकाश बदलणारे जुने पाणी. बोअर या पाषाणास भेदून जाते. केसिंगचा नळ सामान्यतः वरच्या मऊ थरापुरताच घातलेला असतो, त्याच्या भोवतालची फट बुजविण्याची तसदी क्वचितच घेतली जाते, आणि त्याखाली भोक उघडेच असते. त्यामुळे वरचे नायट्रेटयुक्त पाणी त्या भोकातून थेट खालच्या साठ्यात उतरते, जेथे पावसाळ्याचे धुणे तीनचार वर्षांत पोहोचत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण त्यांचा रोख पाण्याच्या उपशावर आहे. पाणी न लागल्याने किंवा आटल्याने सोडून दिलेली बोअरे तर प्रत्येक शिवारात आहेत. तोंडावर एखादा दगड किंवा गोणपाट ठेवलेले असते, आणि लहान मूल आत पडल्याची बातमी आली म्हणजे चार दिवस त्यांची आठवण होते. त्यांची मोजदाद तलाठ्याने पीकपाहणीबरोबरच करावी, आणि ती नुसती झाकण्याऐवजी तळापासून वरपर्यंत चिकणमातीने व सिमेंटच्या रबडीने भरून काढावीत. वरच्या दहा फुटांत तरी सिमेंट असलेच पाहिजे, कारण दूषित पाणी शिरते ते तेथूनच. एका बोअरास लागणारी माती शिवारातच मिळते, आणि सिमेंटची पोतीही मोजकीच लागतात.